परत सांगायची वही

"जरा सोपं करून सांगा" एवढं कोणी म्हटलं, की प्राध्यापकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सोपं करायला ती काय भाजी आहे, निवडून, चिरून, शिजवून ताटात वाढायला? पस्तीस वर्षं त्यांनी विद्यापीठात खगोलभौतिकी शिकवली. फळ्यावर एका ओळीवरून थेट सहाव्या ओळीवर उडी मारताना पस्तीस वर्षं ते एकच वाक्य म्हणत आले, "हे तर उघड आहे." समोरची पोरं माना डोलवायची. विचारायची टाप होती कोणाची? पोरांनी त्यांचं नावच 'उघड आहे' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

लहान मुलांसाठी विज्ञान लिहिणाऱ्यांची त्यांना कीव यायची. कीव हा आपला सभ्य शब्द झाला. असली माणसं म्हणजे पोहता येत नाही म्हणून काठावर बसून पाय बुडवणारी, असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि नेमकी अशीच एक त्यांच्या घरात निघाली होती. त्यांची सख्खी धाकटी बहीण शाळेत शिक्षिका होती आणि तिने मुलांसाठी आकाशाबद्दल बारा पुस्तकं लिहिली होती. प्रत्येकाची पहिली प्रत ती दादाला आणून द्यायची. दादा ती न उघडता कपाटात ठेवायचा.

"हे वाचून कोणाला ताऱ्याचं तापमान काढता येईल का?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"ते तू काढलंयस ना? मग पोरांनी पुन्हा कशाला काढायचं?" धाकटी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

तेरावं पुस्तक लिहिता लिहिता धाकटीला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. बोललेलं सगळं तिला कळायचं, डोळ्यांवरून ते लख्ख दिसायचं. पण तोंडून एक अक्षर फुटेना. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्याला तिने नाव देऊन ठेवलं होतं, 'तुझ्या रक्तातलं लोखंड कुठून आलं?'

अडीच महिन्यांनी प्रकाशकबाई भेटायला आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, आधी तब्येतीचं विचारलं, मग घसा साफ केला.

"छपाईची तारीख हातची गेली तर पुढचं वर्षभर मशीन मोकळं नाही," त्या म्हणाल्या. "महिनाअखेर शेवटचं प्रकरण मिळालं नाही, तर मी ते तारेमामांकडून लिहून घेणार. ते तयार आहेत. फक्त मुखपृष्ठावर त्यांचं नाव वर येईल, मोठ्या अक्षरात. बाईंचं खाली येईल."

तारेमामा म्हणजे टीव्हीवरचे. चमकीचा कोट घालून उड्या मारायचे. कृष्णविवर हा आकाशातला व्हॅक्यूम क्लीनर आहे, असं त्यांनी देशभरच्या पोरांना सांगून ठेवलं होतं. त्यांचं नाव ऐकताच धाकटीने डावी मूठ पलंगाच्या कठड्यावर आपटली. एकदा नाही, तीनदा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नवऱ्याने तिचा हात धरला आणि प्राध्यापकांकडे पाहिलं. हे मेहुणे चष्म्याचं दुकान चालवायचे. माणूस मवाळ, आणि प्राध्यापकांच्या मते विशेष हुशारही नाही.

"त्या विदूषकापेक्षा मी लिहितो," प्राध्यापक म्हणाले.

"अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे हं," प्रकाशकबाई जपून म्हणाल्या.

"म्हणजे एका दुपारचं काम."

खरंच एका दुपारी झालं. अकरा पानं. पहिली ओळ अशी होती: 'ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या अंतिम टप्प्यांचा साकल्याने विचार करता असे दिसून येते की'. तिथून पुढे वाक्य जे निघालं ते पान उलटल्यावरच थांबलं. मुलांसाठी म्हणून त्यांनी समीकरणं फक्त चार ठेवली होती. एवढं खाली उतरल्याबद्दल त्यांना स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

प्रकाशकबाईंनी पानं घेतली, चाळली आणि विचारलं, "वही कुठे आहे?"

"कसली वही?"

वही मेहुण्यांनी काढून दिली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, अर्धीअधिक भरलेली. धाकटीची पद्धत अशी होती, की लिहिलेलं प्रत्येक पान ती त्या विषयातलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसाला वाचून दाखवायची. 'समजलं का' असं कधीच विचारायची नाही, कारण त्यावर जगात सगळे हो म्हणतात. ती म्हणायची, "आता मला परत सांग." आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं, चुकांसकट, वहीत उतरवायची. सांगणारा चुकला तर चूक पानाची धरायची आणि पान पुन्हा लिहायला घ्यायचं. या वहीत नोंद नसलेलं एकही पान प्रकाशकबाई छपाईला घेत नसत. तारेमामांकडूनसुद्धा त्या वही भरून घेणार होत्या.

प्राध्यापकांनी मध्येच एक पान उघडलं. 'शिंपी. चौथी वेळ. सूर्य एवढा मोठा आहे की स्वतःच्याच वजनाने आत दाबला जातो, दाबला गेला की तापतो, आणि मधोमध एवढा तापतो की तिथली भट्टी पेटलेलीच राहते.'

"चौथी वेळ!" प्राध्यापक हसले. "माझं पहिल्याच वेळी होईल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे प्लंबर आला होता. तो बेसिनखाली आडवा पडलेला असताना प्राध्यापकांनी त्याला अकराच्या अकरा पानं ऐकवली. त्याला पळून जायला जागाच नव्हती.

"समजलं?"

"एकदम, साहेब."

"मग आता परत सांग."

"वॉशर बदललाय," प्लंबर बाहेर येत म्हणाला. "आता गळणार नाही."

मग न्हाव्याकडे गेले. न्हावी गप्पिष्ट होता, सगळं मन लावून ऐकत होता. वस्तरा प्राध्यापकांच्या गळ्यावर ठेवून त्याने परतही सांगितलं. "म्हणजे वर आकाशात लोखंडाच्या खाणी असतात. त्यांचा स्फोट झाला की भुगा खाली पडतो, आणि तो आपण श्वासातून आत घेतो. म्हणूनच हल्ली सगळ्यांना खोकला." गळ्यावर वस्तरा असल्यामुळे प्राध्यापकांना ओरडताही येईना.

हा सगळा पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा प्रकार होता. महिना संपायला आठ दिवस उरले होते. म्हणून प्राध्यापकांनी जन्मात कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी खोटी नोंद लिहिली. स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात. आणि संध्याकाळी निर्लज्जपणे वही बहिणीकडे घेऊन गेले.

मेहुण्यांनी ती तिला मोठ्याने वाचून दाखवली. "'प्लंबर. पहिली वेळ. महाकाय ताऱ्याच्या गाभ्यात केंद्रकीय संमीलनाची शृंखला लोहापर्यंत पोहोचताच ऊर्जानिर्मिती खुंटते व गुरुत्वीय अवपात अटळ ठरतो, हे तर उघड आहे.'"

धाकटीचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तिने डाव्या हातात पेन्सिल धरली आणि त्या नोंदीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकडीतिकडी फुली मारली.

"दादा," मेहुणे खाली बघत म्हणाले, "तो प्लंबर आमच्याकडेही येतो."

प्राध्यापकांचा चेहरा लाल झाला. चूक उघड झाली की मोठी माणसं काय करतात? आवाज चढवतात. "ऐकणारेच मठ्ठ असले तर मी काय करू? पस्तीस वर्षं शिकवलंय मी! एकाही विद्यार्थ्याने कधी कळलं नाही म्हणून तक्रार केली नाही!"

"त्यातल्या कोणाला कधी परत सांगायला लावलंत?"

"परीक्षा होत्या की!"

"परीक्षेत तुमचीच वाक्यं तुम्हाला परत मिळत होती, दादा."

हा चष्मे विकणारा माणूस एवढा बोलू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली याचा आणखी राग आला. ते तरातरा बाहेर पडले, पण व्हरांड्यातच थांबावं लागलं. वाचा-उपचाराची बाई आत येत होती आणि दार अरुंद होतं.

ही बाई आठवड्यातून दोनदा यायची. कप, किल्ली, मांजर अशी चित्रं समोर धरून म्हणायला सांगायची. धाकटी प्रत्येक वेळी तोंड फिरवायची. त्या दिवशीही तेच झालं; व्हरांड्यात रेंगाळलेल्या प्राध्यापकांना ते खिडकीतून दिसलं. जाताना व्हरांड्यात ती मेहुण्यांना हळू आवाजात म्हणाली, "तीन महिने होत आले. यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांतच येतं हो. नंतर फार अवघड जातं. त्यांना बोलावंसं वाटेल असं काहीतरी समोर आलं पाहिजे. कप नि किल्ली म्हणायला एवढ्या शहाण्या बाईचं तोंड कशाला उघडेल?"

मेहुण्यांनी मान हलवली. ती गेल्यावर ते चपलांच्या स्टॅंडपाशी भिंतीला टेकून उभे राहिले आणि तोंडावर रुमाल धरून रडले. प्राध्यापक चार पावलांवर होते. पुस्तकाच्या नादात आपली बहीण कायमची मुकी होऊ शकते हा विचार त्यांनी केलाच नव्हता. ताऱ्याच्या पोटातलं सांगणारा हा उंटावरचा शहाणा, पलंगावरची बहीण त्याला दिसली नव्हती. ते घाबरले. त्यांनी बॅगेतून पानं काढली आणि आत जाऊन पलंगाशेजारी खुर्ची ओढली.

"ऐक," ते म्हणाले. "आता तूच ऐकायचं आणि तूच परत सांगायचं. फुली मारलेली चालणार नाही. तोंडाने सांगायचं."

त्यांनी वाचायला घेतलं. पहिल्या पानाला धाकटी त्यांच्याकडे बघत होती. तिसऱ्याला पंख्याकडे बघायला लागली. सहाव्याला तिने डोळे मिटले.

"झोपू नकोस," प्राध्यापक म्हणाले. "गाभा कोसळणार आहे आता."

तिने डोळे उघडले आणि सगळा गाभा कोसळेपर्यंत सोसलं. अकरावं पान संपलं. मेहुणे औषधाचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

"आता सांग."

धाकटीने ओठ उघडले. ओठांचा डावा कोपरा वर गेला, उजवा जागचा हलला नाही. कपाळावर घाम आला. गळ्यातून घरघर आली, मग थांबली. प्राध्यापक पुढे वाकले. "घाई नको. सावकाश. लोखंडापासून सुरू कर."

"कं..."

"केंद्रक? केंद्रकाचं म्हणतेस ना? शाब्बास!"

तिने डाव्या हाताने त्यांना गप्प राहायची खूण केली आणि पुन्हा सगळा जीव एकवटला.

"कं... टा... ळा."

मेहुण्यांच्या हातातून ट्रे पडला. बाटल्या पलंगाखाली गडगडत गेल्या. "बोलली! दादा, बोलली हो!" ते ओरडले, आणि त्यांना हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही करायला लागले.

प्राध्यापक मात्र हातात पानं धरून तसेच बसले. पस्तीस वर्षांत हा शब्द त्यांना तोंडावर कोणी ऐकवला नव्हता. एवढ्या मोठ्या वर्गांत, एवढ्या माना डोलत होत्या, त्यांतल्या किती याच कारणाने डोलत असतील? तीन महिन्यांनी बहिणीच्या तोंडून पहिला शब्द फुटला, आणि तो हा! त्यांना आत कुठेतरी चांगलंच लागलं. आणि त्याच वेळी एवढा आनंद झाला, की नाक पुसावं लागलं.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"कंटाळा," धाकटी म्हणाली. या वेळी जास्त स्वच्छ आला.

त्यांनी वही घेतली, मारलेल्या फुलीच्या खाली लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. "'धाकटी. शिक्षिका. पहिली वेळ. सांगितलं ते असं: कंटाळा.' बरोबर?"

तिने मान हलवली.

मग त्यांनी तिथूनच प्रकाशकबाईंना फोन लावला. "प्रकरण तयार नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, एका दुपारचं काम. मग मी तारेमामांना..."

"महिनाअखेरपर्यंत वेळ माझा आहे ना? मग त्यांना थांबायला सांगा. ऐकणारं माणूस मला आजच मिळालंय."

"आठ दिवस आहेत तुमच्याकडे," प्रकाशकबाई म्हणाल्या. "नववा मागू नका."

फोन ठेवून ते परत खुर्चीवर बसले. पानं तिच्या मांडीवर पसरली. "नुसतं कंटाळा म्हणून मला काय कळणार? नक्की कुठून आला ते दाखव. गाभ्यापासून ना?" त्यांनी सहावं पान पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं. तिसरं पुढे केलं, तेही सारलं. मग तिने स्वतःच डाव्या हाताने पहिलं पान ओढून घेतलं आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"इथून?" प्राध्यापकांनी विचारलं.

"इथून," धाकटी म्हणाली.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि ती ओळ खोडली.