बन्सीधर पेशकारांचे साचे

कचेरीत बन्सीधररावांना बिजलीकलम म्हणत. ते तालुक्याचे पेशकार, म्हणजे तहसीलदारांच्या शेजारी बसून पक्षकारांचे आणि साक्षीदारांचे जबाब लिहून घेणारा माणूस. निजामाच्या अमदानीत कितीक साहेब आले नि गेले, पेशकार मात्र तेच राहिले. समोरचा बोलायचा मराठीत, कागदावर उतरायची उर्दू, आणि तीही शिकस्त अक्षरातली. शिकस्त म्हणजे हात न उचलता ओढत नेलेलं अक्षर, त्यात अक्षरांचे नुक्ते, म्हणजे टिंबं, द्यायला कुणाला सवड? या अक्षराबद्दल कचेरीत एक म्हण पडली होती : लिहिताना घोडा, वाचताना गाढव. ते अडखळल्याशिवाय वाचणारा माणूस साऱ्या तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे खुद्द लिहिणारा. बन्सीधररावांना ताप आला की कचेरीच अंथरूण धरायची.

आता तो घोडा दावणीला लागला होता. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हुकूम आला, की जबाब मराठीत, बाळबोध लिपीत, बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचे आणि त्याला वाचून दाखवायचे. जुन्या दफ्तरातले जे कागद कामाला लागतील त्यांचीही बाळबोध नक्कल करायची. पेन्शन दोन पावसाळ्यांवर आलेली असताना बन्सीधरराव काना-मात्रा गिरवायला बसले. कलम टेकवा, उचला, वर रेघ ओढा, पुन्हा टेकवा. संध्याकाळी मनगट ठणकायचं, डोळ्यांना पाणी सुटायचं आणि झालेलं काम बघावं तर मूठभर. हातापेक्षा मन जास्त थकलं होतं. एका जन्मात माणसाला दोनदा शिकायला लावू नये, असं त्यांचं मत झालं होतं, आणि ते काही अगदीच चूक म्हणता यायचं नाही.

खरं सांगायचं तर त्यांची बिजली हातात कमी आणि डोक्यात जास्त होती. त्यांनी साचे करून ठेवले होते. बांधाच्या भांडणाचा एक साचा, विहिरीचा एक, चोरीला गेलेल्या बैलाचा एक, वाटेचा एक. माणूस पुढं येऊन "कसं हाय बगा साहेब," म्हणेपर्यंत यांचा साचा निवडून झालेला असायचा. तो बिचारा आपली आजी, आपला बैल, गेल्या सालचा पूर असं घोळवून घोळवून सांगायचा. कागदावर त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच नवं पडायचं. वाटेचा जबाब कुणीही देवो, साच्यातून बाहेर यायचं तेच. शेवटची ओळसुद्धा ठरलेली : वाचून ऐकवले, बरोबर असल्याचे कबूल केले. कधीकधी तर ही ओळ माणूस बोलायला लागायच्या आधीच लिहून तयार असायची. मग ते भराभर उर्दूत वाचायचे, समोरचा मान डोलवायचा आणि अंगठा द्यायचा. यात कुणाचं वाईट करावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही, लाचेला तर ते शिवलेही नाहीत. काम उरकायचं होतं आणि ते उरकत होतं.

त्या साली दिवाळीनंतर कचेरीत एक तक्रार आली. गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका गावची बानूबाई धनगरीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सारं घर मेंढरांवर. तिची मेंढरं भुजंग नावाच्या शेतकऱ्याच्या बांधाकडून गंगेला पाण्यावर जायची. भुजंगानं यंदा त्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचा कूड घातला. दुसऱ्या वाटेनं जायचं तर गावाला वळसा पडायचा, आणि उन्हात तेवढं चालून नव्या व्यालेल्या मेंढ्या नि कोकरं वाटेतच बसायची. वाट गेली तर मेंढरं विकावी लागणार, हे बानूबाईला कुणी सांगायला नको होतं.

भुजंगाचं म्हणणं एवढंच होतं की जुनं दफ्तर काढा. पोलीस ॲक्शनच्या आधी त्याचा बाप आणि चुलता त्याच शेतातल्या विहिरीवरून भांडले होते. त्या कज्ज्यात रोज तिकडून जाणारी म्हणून बानूबाईची साक्ष झाली होती. "बाई तवाच बोलली, की मालकाच्या परवानगीनं जाती म्हणून. वकिलानं निकाल वाचून सांगितलाय मला. परवानगी माझ्या बापानं दिली, मी काडून घेतली," असं तो म्हणाला. नवे तहसीलदार साताऱ्याकडचे, त्यांना उर्दूचं अक्षर ओळखता येत नव्हतं. ते म्हणाले, "पेशकार, उद्या त्या जबाबाची नक्कल आणा."

दफ्तर घरी न्यायला बंदी होती, पण बंदीचा हुकूमही बन्सीधररावांच्याच ताब्यात असल्यानं त्याची फार अडचण होत नसे. दिवेलागणीच्या आत त्यांनी नक्कल उतरवली आणि पार्वतीबाईंपुढं ठेवली. पार्वतीबाई त्यांची बायको. रोजची पोथी वाचणारी बाई, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ त्याच बघत. इतकी वर्षं नवऱ्यानं काय लिहिलं याचा त्यांना पत्ता नव्हता. आता मात्र रोज त्यांचे कागद वाचून त्या हसायच्या आणि बन्सीधरराव मुकाट ऐकून घ्यायचे.

पार्वतीबाईंनी वाचलं : 'मी सदर वाटेने शेतमालकाच्या परवानगीने जाते-येते. सदर वाटेवर माझा कोणताही हक्क नाही.'

"ही घोंगड्या विकायला येते तीच बानूबाई का?"

"तीच."

"आन ती असं बोलली?"

"जबाब आहे तिचा."

पार्वतीबाईंनी कागद खाली ठेवला. "मागल्या साली दारात बसून घोंगडीपायी माझ्याशी भांडली. असला एक शब्द तिच्या तोंडात नव्हता. ती बाई देवाची परवानगी मागायची नाही, भुजंगाच्या बापाची कशाला मागल?"

बन्सीधरराव आठवायला लागले. त्या दिवशी बाई काय बोलली होती? हातातली काठी आठवली. काहीतरी लांबण लावली होती हेही आठवलं, कारण ती संपायच्या आधी आपला कागद संपला होता आणि तिला थांबवावं लागलं होतं. शब्द मात्र एकही आठवेना. विसरायला आधी ऐकावं लागतं, आणि त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली. जेवणावर वासना राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीची वाट तीच होती, पण पाय ओढावे लागत होते. पंचाईत अशी, की सगळं त्यांच्याच हातात होतं. 'परवानगीने'च्या जागी 'वहिवाटीने' लिहावं, तर मूळ कागदाशी ताडून बघणारा कुणी नाही. बाईचं काम होईल, पण ती लबाडी. जसं आहे तसं ठेवावं, तर नक्कल खरी आणि आपल्याला बोट लावायला जागा नाही. मग बाईची वाट जाईल, आपली पेन्शन राहील. माणूस थकला की सोपी वाटच त्याला न्यायाची वाटायला लागते. कचेरीच्या पायरीशी येईपर्यंत बन्सीधररावांचं ठरलं होतं : नक्कल वाचायची आणि गप्प बसायचं.

चपराशी लिंबाजीनं पुकारा केला. बानूबाई आणि भुजंग येऊन उभे राहिले. बन्सीधररावांनी नक्कल वाचली. आता ती मराठीत होती, त्यामुळे त्या खोलीत पहिल्यांदाच प्रत्येकाला प्रत्येक शब्द कळत होता.

"हे कोन बोललं?" बानूबाईनं विचारलं.

"तुमचाच जबाब आहे, बाई," तहसीलदार म्हणाले.

"मी न्हाई असं बोलले, साहेब. ती वाट मेंढरांची हाय. ह्याच्या बापानं शेत घेतलं त्याच्या लय आदीपस्नं आमची मेंढरं तितून गंगंला जायलीत. मी तवाबी ह्येच सांगितलं."

भुजंग म्हणाला, "कागदावर अंगठा तुजाच हाय न्हवं?"

"अंगठा माजाच हाय. बोलनं माजं न्हाई."

तहसीलदारांनी नक्कल हातात घेतली. "खाली लिहिलंय, वाचून ऐकवले, बरोबर असल्याचे कबूल केले. काय हो पेशकार?"

बन्सीधररावांना नुसतं 'होय' म्हणायचं होतं. एक शब्द, तोही छोटा. पण बाई त्यांच्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. आपलं बोलणं कुठं गेलं ते या माणसाला ठाऊक असेल, एवढ्याच आशेनं ती बघत होती. ते त्यांना सोसेना.

"साहेब," ते म्हणाले, "ते वाक्य बाईचं नाही. माझं आहे. जबाबात वाटेचं नाव निघालं की मी तेच लिहायचो."

"म्हणजे?"

"पूर्वी एका माणसाच्या जबाबात परवानगीचं खरं होतं. ते लिहायला सोयीचं पडलं. मग हाताला तेच वळण लागलं. प्रत्येकाचं ऐकत बसलो असतो तर दिवसाचं काम दिवसात उरकलं नसतं."

"आणि वाचून ऐकवलं ते?"

"उर्दूत ऐकवलं."

तहसीलदारांनी नक्कल खाली ठेवली. वयानं बन्सीधररावांच्या मुलासारखे होते ते, त्यांनाही अवघड झालं असावं. "हे मला लेखी घ्यावं लागेल," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या पेन्शनवर येईल, कळतंय ना?"

"कळतंय."

मग वेगळाच पेच आला. जबाब लिहिणारा माणूस कचेरीत एकच होता. तेव्हा बन्सीधररावांनी स्वतःच कलम उचललं, बाळबोधात स्वतःचाच जबाब लिहिला आणि स्वतःच तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्याला साचा नव्हता, म्हणून फार वेळ लागला. सही करताना हात जुन्या सवयीनं भरकन उर्दूत वळला. ती खोडून त्यांनी पुन्हा नाव लिहिलं.

त्यानंतर बानूबाईचा जबाब नव्यानं झाला. ती बोलायची, बन्सीधरराव लिहायचे, मागं पडायचे. मग ती काठीवर हनुवटी टेकून त्यांची वाट बघायची. मेंढरांमागं जन्म काढलेली बाई, तिला थांबण्याचं काही वाटत नव्हतं. वाचून दाखवताना एका जागी तिनं हात वर केला.

"बाबळीपसून न्हाई, लिंबापसून म्हनले मी."

बन्सीधररावांनी बाभळ खोडून लिंब लिहिला. एवढीशी दुरुस्ती, पण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांची चूक पक्षकारानं दाखवल्याची ही पहिली खेप. अपमान वाटेल असं वाटलं होतं, पण वाटला नाही. खांद्यावरचं काहीतरी थोडंसं उतरल्यासारखं झालं.

"आता बराबर हाय," म्हणत तिनं अंगठा दिला.

पुढची तारीख होईपर्यंत कूड काढून वाट मोकळी ठेवावी, असा हुकूम तहसीलदारांनी केला. बानूबाई हात जोडून बाहेर गेली. बन्सीधरराव दफ्तराची गाठ मारायला लागले. आता घरी जावं आणि भिंतीकडं तोंड करून पडावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

भुजंग मात्र तिथंच उभा होता. हरलेला माणूस आरडाओरडा करील म्हणून लिंबाजी पुढं सरकला. पण भुजंगाची नजर साहेबांकडं नव्हती की कुडाच्या हुकुमाकडं नव्हती. तो त्या गाठीकडं बघत होता.

"पेशकार," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्याच दप्तरात माझ्या बापाचा बी जबाब आसंल न्हवं? हिरीचा?"

बन्सीधररावांचा हात गाठीवरच राहिला.

"हीर सामाईक हाय आसं बापच कचेरीत बोलला, म्हनून आर्दी हीर चुलत्याला गेली. बाप मरंस्तवर सांगायचा, मी आसं बोललोच न्हाई, मी आसं बोललोच न्हाई. जेवताना बी त्येच, निजताना बी त्येच. आमाला वाटायचं म्हातारं चळलं. आमी हसायचो त्याला, सगळी पोरं हसायचो." त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "तुमी लिवला होता न्हवं त्यो बी?"

विहिरीचा साचा बन्सीधररावांना तोंडपाठ होता. त्यात 'उभयतांची सामाईक' हे दुसऱ्याच ओळीत यायचं. कागद उघडून बघायची गरज नव्हती. तरी त्यांनी गाठ सोडली, पिवळा पडलेला कागद बाहेर काढला, आणि आपलंच अक्षर लागेना म्हणून तो खिडकीच्या उजेडात धरला.

"मी लिहिला होता," ते म्हणाले.

भुजंग खाली बसला. तहसीलदारांनी मान वळवली. बन्सीधररावांनी कोरा कागद पुढं ओढला आणि कलम शाईत बुडवलं. समोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ते आजवर 'जल्दी बोलो' म्हणत आले होते.

"बाप काय म्हणायचा ते सांगा," ते म्हणाले. "हळू सांगा. मला वेळ लागतो."