अध्यक्षांच्या तसबिरीआड

बेलग्रेडला निघालेल्या बसमध्ये विदोसावाइतकं खुशीत कुणीच नव्हतं. लेस्कोवात्स गावच्या सूतगिरणीतल्या बाकीच्या बाया कुरकुरतच चढल्या होत्या. सरकारच्या सभेला जी येणार नाही तिने गिरणीतही येऊ नये, असं मुकादम बुदिमिरने बजावलं होतं. विदोसावाचं मात्र आयतंच फावलं. तिची लेक बिसेर्का बेलग्रेडला शिकत होती, आणि सरकारने निवडणूक चोरली म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यापासून घरी फिरकली नव्हती. सरकारच्याच बसने तिला भेटायला जायचं, या विचारानेच विदोसावाला हसू फुटत होतं.

"एवढी नटलीस ती अध्यक्षांसाठी का गं?" शेजारच्या स्तामेंकाने टोमणा मारला.

"त्यांना तुम्ही आहात की. मी चालले लेकीकडे. बुदिमिरने विचारलं तर सांग, संडास शोधतेय."

"दिवसभर?"

"मोठं शहर आहे बाई."

चौकात उतरल्यावर बुदिमिरने सगळ्यांना मांसाचे काप घातलेले पाव वाटले आणि विदोसावाच्या हाती काठीवर ठोकलेली अध्यक्षांची भलीमोठी तसबीर दिली. "उंच धर. टीव्हीवाले आहेत."

घोषणा सुरू झाल्या तशी ती हळूच मागे सरकली. तसबीर हातात असल्यामुळे उलट सोयच झाली. पोलिसांनी आपणहून वाट दिली. बाजूच्या रस्त्यावर शिट्ट्यांचा कल्लोळ उठला होता. विद्यार्थी येत होते. विदोसावा टाचा उंचावून एकेक चेहरा पाहू लागली.

तेवढ्यात तिच्या मागून, सभेतूनच, दांडगे पुरुष धावत सुटले. फलकांचे पुठ्ठे फाडून त्यांनी नुसत्या काठ्या हातात घेतल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या पोरांनी हात वर केले, तरी काठ्या कोसळल्याच. पळापळीत गळ्यात शिट्टी अडकवलेला एक म्हातारा विदोसावाच्या पुढ्यात आडवा झाला, आणि त्याच्यावर एकाने पुन्हा काठी उगारली.

आपण कधी धावलो हे तिला कळलंच नाही. तसबीर म्हाताऱ्यावर आडवी धरून ती स्वतः तसबिरीआड बसली होती.

"मार," ती ओरडली. "मार अध्यक्षांच्या थोबाडावर. टीव्हीवाल्यांना दिसू दे."

काठी वरच थांबली. "ए बाई, बाजूला हो."

"मी सभेची आहे, मुकादमाने पाठवलेली. तू कुणाचा? नाव सांग तुझं."

तो गोंधळला, थुंकला आणि दुसऱ्या कुणामागे धावला.

म्हाताऱ्याची भुवई फुटली होती. विदोसावाने डोक्याचा रुमाल सोडून जखमेवर घट्ट बांधला.

"स्वेतोझार," तो कण्हत म्हणाला. "भूगोलाचा मास्तर होतो. तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या?"

"लेस्कोवात्सची," ती म्हणाली. "उठा आता."

मास्तरांना धरून ती विद्यापीठाच्या इमारतीत शिरली. जिन्यात जखमींना पाणी देणारी बिसेर्का तिला बघून थिजली. आईच्या अंगावर रक्त, काखेत अध्यक्ष.

"आई, तू त्यांच्या सभेत होतीस?"

"तुला भेटायला दुसरी बस कुठून आणू?"

बिसेर्का हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी विद्यार्थी पुन्हा निघाले, तेव्हा विदोसावा लेकीचा हात धरून मधोमध चालत होती. खिडक्याखिडक्यांतून लोक त्यांना साथ द्यायला पातेली बडवत होते. तीही घोषणा देऊ लागली. एवढ्या मोठ्याने ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती. पुलापाशी गर्दीत गिरणीची बस अडकून पडली होती. बुदिमिरने दारातून वाकून तिला ओळखलं.

"चढ गुमान, नाहीतर उद्या गिरणीत पाऊल ठेवू नकोस."

"उद्या कुठली येतेय," विदोसावा म्हणाली, "उद्या परत इथेच जमायचंय." मागच्या खिडकीत स्तामेंका तोंडावर हात दाबून हसत होती.

नोकरी गेलीच. मास्तरांना एका डोळ्याने पुढे कधी नीट दिसलं नाही. पण थंडी सरता सरता सरकारला निवडणुकीचा खरा निकाल मान्य करावा लागला. तोवर विदोसावा लेकीच्या खोलीत जमिनीवर झोपत होती, आणि रोज सगळ्यांच्या आधी बूट घालून दारात उभी असायची.