शिडी आतून असते

इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याला नेमकं काय शिकायला मिळतं, हे कुणालाच धड सांगता येत नाही. ती मिळाली नाही तर काय होतं, हे मात्र तिच्या कॉलेजच्या नियमावलीत अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात आठ आठवडे एखाद्या बांधकाम कंपनीत काम करायचं. कंपनीने घेतल्याचं पत्र सोमवारी दुपारी बारापर्यंत ऑफिसात द्यायचं. पत्र नाही तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. वर्गातल्या साठांपैकी चोपन्न जणांची पत्रं जमा झाली होती. उरलेल्या सहांत ती होती. बाकीच्या पाचांतल्या दोघांचे मामा कंत्राटदार होते, त्यामुळे ते पाय पसरून निवांत बसले होते. तिचा मामा केस कापायचा.

घरी बाबा तिला ‘इंजिनीयरबाई’ म्हणायचे. प्रवेश मिळाला त्या दिवसापासून. “इंजिनीयरबाई, नळ गळतोय, जरा बघता का?” मग ती पान्हा घेऊन नळाशी झटायची, नळ गळतच राहायचा आणि बाबांना कोण कौतुक वाटायचं. गेला महिनाभर मात्र ती हाक ऐकली की पान्हा न उचलताच ती खोलीत निघून जायची.

आठ मुलाखती झाल्या होत्या. पहिल्या दोन तिने खरं बोलून घालवल्या. “तुमच्या आयुष्यातला एखादा कठीण प्रसंग सांगा,” असं विचारल्यावर तिने जरा आठवून पाहिलं आणि सांगितलं, “तसा काही आला नाही.” समोरच्या गृहस्थांनाच वाईट वाटलं. त्यांनी तिला पाणी विचारलं आणि दार उघडून दिलं.

प्लेसमेंटच्या मॅडमनी हे ऐकून कपाळाला हात लावला. “अगं, काहीतरी आतलं सांगायचं असतं. दुखरं. त्यांना दिवसाला चाळीस पोरं भेटतात, चाळिसांचे मार्क सारखेच. रडवायची गरज नाही, पण लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं पाहिजे.”

पेन थांबवण्याजोगं तिच्यापाशी काय होतं? मार्क बरे, तब्येत ठणठणीत, आईबाबा दोघंही कामाला जाणारे. आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी मोजायची, बाबा एका मोठ्या साइटवर स्टोअरला होते, हेल्मेट, हातमोजे आणि बूट द्यायचे. दुखरं म्हणावं असं घरात एकच होतं, आणि त्याविषयी सगळे मूग गिळून गप्प असायचे.

बाबा पूर्वी टॉवर क्रेन चालवायचे. बासष्ट मीटरवर त्यांची काचेची केबिन. साइटवर त्यांना ‘वरचे’ म्हणत. “वरच्यांना विचारा,” असं म्हणून लोक खरोखरच मान वर करून वॉकीटॉकीवर त्यांना विचारत. अठरा वर्षं ते रोज जिन्यावरून जावं तसे चढले आणि उतरले. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते खाली आलेच नाहीत. वॉकीटॉकीवरून एवढंच म्हणाले, “जमत नाही.” तीन तास ते वर बसून होते आणि साइट बंद होती. शेवटी खाली माल अडकवणारा एक तरुण वर गेला आणि एकेक पाऊल हाताने धरून, एकेका दांडीवर ठेवत त्याने त्यांना खाली आणलं. त्यानंतर बाबा कधी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतही उभे राहिले नाहीत. तेव्हा ती नववीत होती. हे सगळं तिला कळलं ते आई मावशीशी दबक्या आवाजात बोलत असताना, दाराआडून.

तिसऱ्या मुलाखतीत तिने हेच सांगितलं, जसंच्या तसं. पेन थांबलं. तिला दुसऱ्या फेरीला बोलावलं, तिथे ती गळली. “पण यात तुम्ही काय केलंत?” असं तिथे एकाने विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याचं चूक नव्हतं. म्हणून चौथ्या मुलाखतीत ती शाळेतून धावत साइटवर गेली. पाचव्या मुलाखतीत ती खाली उभी राहून बाबांना धीर देत होती. आठव्या मुलाखतीपर्यंत त्या तरुणाचा गोष्टीतून पत्ता कट झाला होता आणि चौदा वर्षांची ती वॉकीटॉकी हातात घेऊन बाबांना एकेक पायरी उतरवत होती, “आता डावा पाय, बाबा. आता उजवा.” आवाज कुठे कापरा करायचा, तेही तिला जमायला लागलं होतं. दर वेळी बाहेर पडल्यावर तिला स्वतःची शिसारी यायची. बसमध्ये चढेपर्यंत ती टिकायची, आणि बस सुटली की पुढच्या वेळी सुरुवात थोडी आटोपती घ्यावी असं तिच्या मनात यायला लागायचं.

नववी मुलाखत मंगळवारी दुपारी दोनला होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. तिने खोलीचं दार लावलं, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, शर्टाची वरची गुंडी लावली. पलीकडे तिघे होते. एकाचा फक्त आवाज येत होता, दुसऱ्याचं फक्त कपाळ दिसत होतं. प्रश्न आला. तिने गोष्ट सांगितली, झकास सांगितली. “खालून मला ते शिडीवर दिसत होते, एवढेसे. ते थरथरत होते. पण मी घाबरले असते तर ते पडले असते.” कपाळवाल्यांनी हळूच ‘अरेरे’ केलं.

अर्ध्या तासाने ती पाणी प्यायला बाहेर आली, तर स्वयंपाकघरात बाबा बसले होते. पायांत फक्त मोजे. मांडीवर डब्याची पिशवी. खोलीत मरणाचं उकडत होतं आणि शर्ट पाठीला चिकटला होता, पण त्यांनी पंखा लावला नव्हता.

“साइटवर पाइप फुटला. दुपारची सुट्टी दिली,” ते म्हणाले. “तुझं चाललं होतं आत. म्हटलं, पंख्याचा आवाज नको जायला.”

पाणी समोर होतं, पण हात पुढे होईना. आपल्याकडच्या भिंती कशा असतात ते तिला माहीत होतं, इंजिनीयर होणार होती ती.

“बाबा...”

“शिडी बाहेर नसते,” बाबा म्हणाले.

“काय?”

“तू म्हणालीस, खालून मी शिडीवर दिसत होतो. शिडी आतून असते, मनोऱ्याच्या मधोमध. खालून माणूस दिसत नाही, मधूनमधून बूट दिसतात, तेवढेच. समोर एखादा साइटवरचा माणूस बसला असता तर तिथल्या तिथे पकडली असती तुला.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चार दिवस बोलले नसते तरी तिने सोसलं असतं. पण त्यांनी पिशवीतून साइटची एक जुनी पावती काढली, उलटी केली आणि तिच्यावर पेन्सिलीने क्रेनचा मनोरा काढायला घेतला. रेघा सरळ येत होत्या.

“दर सहा मीटरला एक फळी असते, दम खायला. अशा दहा फळ्या. तिसऱ्या फळीवर मी पुन्हा अडकलो होतो, अर्धा तास. ते घाल. सरळ उतरलो म्हटलं की खोटं वाटतं.” त्यांनी फळीवर टिंब दिलं. “आणि तो पोरगा खालच्या अंगाला होता, माझा पाय धरून. ‘काका, ही दांडी, काका, ही दांडी,’ असं म्हणत होता. त्याच्या जागी तू आलीस तरी चालेल, पण मग तुला शिडीवर चढवायला लागेल. नववीतल्या पोरीला कोण चढू देणार? त्यापेक्षा पोरगा राहू दे. तू खाली होतीस म्हण.”

“बाबा, मी नाही सांगणार परत. चूक झाली माझी.”

“चूक कसली? विचारतात म्हणून सांगतेस.” ते कागदाकडेच बघत होते. “सोमवार आहे ना शेवटचा?”

तिने मान हलवली.

“मग?”

मग बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि इतक्या सरळ आवाजात सांगितलं, जणू बुटांचे नंबर सांगत होते, “माझी पँट ओली झाली होती. वरच. खाली आलो तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मुकादमाने स्वतःचं जाकीट काढून माझ्या कमरेला बांधलं. हे सांग. असलं कुणी मनाने रचत नाही, त्यांना पटेल.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा उठले, त्यांनी पंखा लावला आणि हात धुवायला गेले. मोरीत नळ खूप वेळ वाहत होता.

बुधवारी नवव्या मुलाखतीचा नकार आला. गुरुवारी सकाळी दहावी होती, पूल बांधणाऱ्या एका कंपनीत, सातव्या मजल्यावर. ती जिन्याने चढत गेली, लिफ्टसाठी थांबली तर पाय परत वळतील अशी तिला भीती वाटली. टेबलापलीकडे दोन पुरुष आणि एक बाई. दोघांतल्या एकाची मान उन्हाने रापलेली होती आणि नखांत सिमेंट होतं. खरा साइटवरचा माणूस. काँक्रीटचे प्रश्न झाले, तिने बरे सोडवले. मग बाईंनी विचारलं, “एखादा कठीण प्रसंग?”

सांगायचं नाही, असं तिने जिन्यावर ठरवलं होतं. पाचव्या मजल्यापर्यंत ते पक्कं होतं. तोंड उघडलं आणि सगळं भडाभडा बाहेर आलं, दहा फळ्या, तिसऱ्या फळीवरचा अर्धा तास, ही दांडी काका, ती दांडी काका. साइटवरच्या माणसाने खरंच मधे विचारलं, “शिडी कुठून होती?” तिने म्हटलं, “आतून.” त्याने मान डोलावली. मग तिने पँटचंही सांगितलं. जाकिटाचंही. यात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त ती तिथे नव्हती.

दुसऱ्या पुरुषाने आपल्या कागदात डोकं घातलं. बाई म्हणाल्या, “थँक यू फॉर शेअरिंग.” साइटवरचा माणूस जरा वेळाने म्हणाला, “होतं असं. आमच्याकडेही एकाचं झालं होतं.” आणि मग घड्याळाकडे बघून पुढच्या मुलाचं नाव पुकारायला सांगितलं.

संध्याकाळी सहाला मेल आली. तिच्या प्रामाणिकपणाचं कंपनीला कौतुक होतं. तिच्या वाटचालीला कंपनीच्या शुभेच्छा होत्या. जागा मात्र नव्हती. ती पलंगाच्या कडेवर बसून ती तीन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत होती. आई अजून इस्पितळातून आली नव्हती. बाबा आले, बूट काढले आणि तिच्या दारात उभे राहिले. तिचा चेहरा बघून त्यांना काही विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी विचारलं.

“सांगितलंस?”

“हो.”

“फळीचं?”

“हो.”

“आणि... ते?”

“तेही सांगितलं, बाबा.”

“मग का नाही घेतलं?”

एकशे दहा पोरं होती आणि जागा तीन, हे तिला ठाऊक होतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. आपलंच काहीतरी कमी पडलं, अशा नजरेने ते जमिनीकडे बघत होते. दिलेला माल खराब निघाला म्हणून कुणी परत आणून द्यावा, तसे ते खजील झाले होते. त्या नजरेने ती आतून पार कोसळली. एवढं वाईट तिला दहा नकारांत मिळून वाटलं नव्हतं.

“उद्या आहे ना अजून एक?” बाबा म्हणाले.

“अकराला. शेवटची.”

ते आत आले आणि खुर्ची ओढून तिच्या समोर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“अजून एक आहे,” ते म्हणाले. “तुझ्या आईला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, त्या पोराशिवाय. सगळे म्हणतात, मला उतरता येत नव्हतं. तसं नव्हतं ते. मला उतरायचं नव्हतं. निदान शिडीने तरी नाही. मी दार उघडून पाय बाहेर सोडून बसलो होतो. तो पोरगा आला आणि त्याने आधी माझा पाय नाही धरला, मागून कमरेचा पट्टा धरला. नंतर मग पाय.” ते थांबले. “हे सांग उद्या. हे ऐकून नाही म्हणणं जड जाईल त्यांना.”

बाहेर जिन्यात कुणीतरी किल्ल्या वाजवत वर गेलं. तिने उठून बाबांना मिठी मारायला हवी होती. का, कशामुळे, किती दिवस तुम्ही हे एकटे उरात घेऊन आहात, असं विचारायला हवं होतं. हे तिला त्या क्षणीही कळत होतं, अगदी स्पष्ट कळत होतं. पण तिचं डोकं तिच्याआधी कामाला लागलं होतं. हे सुरुवातीला घ्यावं की शेवटी? पट्ट्यापाशी थांबावं का? पँटचं काढावं लागेल, दोन्ही मिळून जास्त होतं. दोन मिनिटांत बसेल. बाबा समोर बसून मरणाच्या दारातून परत आल्याचं सांगत होते आणि ती ते पाठ करत होती. तिला स्वतःची इतकी भीती यापूर्वी कधी वाटली नव्हती.

“कळलं का?” बाबांनी विचारलं. “का परत सांगू?”

“परत सांगा,” ती म्हणाली, आणि बाबांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं.