छोट्या डब्यातला बाजार

दादाने पुठ्ठ्याचं रिकामं खोकं बारकीच्या टेबलावर ठेवलं आणि छोट्या डब्याची वायर उपटायला तो खाली वाकला. बारकीने खुर्चीतून न उठता प्लगवर चप्पल ठेवली.

"पाय काढ."

"तुम्ही हात काढा."

आजूबाजूची बोटं टाइप करायची थांबली. दादा सरळ झाला आणि हसला. राग आला की तो आधी हसायचा. गेम बनवणारी ती लहानशी कंपनी त्याची होती आणि तिथे त्याला सगळेच दादा म्हणत. बारकी उंचीने त्याच्याहून वीतभर जास्त होती. नाव पडलं होतं ते कामावरून. टीव्हीला जोडून गेम खेळायच्या महागड्या कन्सोलला ऑफिसात मोठा डबा म्हणायचे, स्वस्तातल्याला छोटा डबा, आणि प्रत्येक गेम छोट्या डब्यावर चालता करायचं काम तिचं.

"सकाळची मेल वाचलीस ना?" दादा म्हणाला. "डबे बनवणाऱ्या कंपनीने सूट दिलीय. इतके दिवस हट्ट होता, दोन्हींवर एकाच दिवशी आणा, नाहीतर आणूच नका. आता म्हणतात, नुसत्या मोठ्यावर आणलात तरी चालेल. सुटलो आपण! तू तर सगळ्यांच्या आधी सुटलीस."

"मला कोणी बांधलं नव्हतं."

"अगं, वर्षभर गेम अडकून पडलाय ह्याच्यापायी. सगळं जग पुढे गेलं आणि आपण ह्या डब्यासाठी मागे थांबलोय."

"ह्याने कोणाला थांबवलं? तो बिचारा आपल्या जागीच आहे. आपणच सुसाट पळालो, आणि वर त्यालाच लंगडा म्हणतोय."

"लंगडा नाही तर काय?" मागच्या टेबलावरून चित्रकार बोलला. "माझा बाजार चालवून दाखव की त्याच्यावर."

सगळ्या गेमचा जीव त्या बाजारात होता. चित्रकाराने त्यातल्या एकेका माणसाला वेगळा चेहरा दिला होता. एका भांडकुदळ म्हातारीला तर स्वतःच्या मावशीचा. मोठ्या डब्यावर तो बाजार असा भरायचा, की खांद्याला खांदा लागायचा. छोट्यावर मात्र आत पाऊल टाकलं की चित्र अडखळायचं आणि माणसं उचकी लागल्यासारखी चालायची. बारकीने सावल्या पुसल्या, लांबची घरं गाळली, दिवे कमी केले. तरी उचकी जाईना. माणसं कमी करायची, एवढा एकच उपाय उरला होता, आणि चित्रकार एकालाही हात लावू देत नव्हता.

"घरी आई छोट्या डब्यावर खेळते म्हणून एवढा पुळका, होय ना?" दादाचा आवाज आता मऊ झाला. "तिला मी माझ्या खिशातून मोठा डबा पाठवतो. मग तर झालं?"

"आणि बाकीच्यांच्या आयांना?"

दादाने खोकं उचललं नाही. ते तिच्या टेबलाशेजारी खाली सरकवून तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी येतो. बाजार चालला तर छोटा राहिला. नाही चालला, तर सगळे छोटे डबे ह्या खोक्यात आणि खोकं माळ्यावर. मग पाय ठेव नाहीतर डोकं ठेव."

त्या दुपारी बारकीने कोणालाही न विचारता निम्म्याहून जास्त माणसं बाजारातून काढून टाकली. चित्र झुळझुळ चालायला लागलं. चित्रकार तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

"कोणी वारलंय का इथे?" त्याने विचारलं.

त्याचं बरोबर होतं. दुकानं आ वासून बसली होती. मधूनच एखादा माणूस चालत होता, रस्ता चुकल्यासारखा. काम पेन ड्राइव्हवर घेऊन ती घरी गेली.

तिच्या आईने सगळी उमर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळण्यात घालवली होती. आता गुडघे गेले होते, घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हाच ती खाली उतरायची. गेममध्ये ती कोणाशी लढत नसे. नुसती हिंडायची.

"आधी ही तलवार ठेव बाई कुठेतरी," तिने गेम सुरू होताच फर्मावलं. "हातात पिशवी धरायची की हे?"

बारकीने तलवार काढून दिली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पुसलेलीच ताटली पुसत उभी राहिली.

"अगं बाई, उशीर झाला मला."

"कशाला?"

"बाजार उठला की! बघ ना, मोजकीच राहिलीत. ही बसलीय अजून. माल खपला नसेल बिचारीचा." आई बटणं दाबत त्या म्हातारीपर्यंत गेली, तिच्यासमोर जरा थांबली आणि मग म्हणाली, "पण खोटं आहे हे."

ताटलीवरचं फडकं थांबलं. "काय खोटं आहे?"

"जमीन बघ. एवढा बाजार होऊन गेला आणि खाली एक पान पडलेलं नाही? आमच्या इस्पितळातसुद्धा इतकी चकाचक फरशी नसायची."

बारकी तिच्याशेजारी येऊन बसली. "मोठा डबा आणला ना, की बाजार गच्च भरलेला दिसेल तुला. आणू?"

"का? ह्याला काय धाड भरलीय? गुडघे माझे गेलेत, ह्याचे नाही."

सकाळी बारकी पिशवी खांद्यावरून न उतरवताच चित्रकाराच्या टेबलापाशी गेली.

"आईला तुझी जमीन आवडली नाही."

"माणसं खाल्लीस माझी. आता जमीन पण खा."

"तिला बाजार उठल्यासारखा वाटला. त्याचं काही नाही म्हणाली. पण जमीन फार स्वच्छ आहे म्हणे, खोटी वाटते."

पेनाच्या टोकाने चित्रकार कानामागे खाजवत राहिला.

"उठल्यासारखा," तो स्वतःशीच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "खाली काही पडलेलं असलं तर तुझा डबा अडखळेल?"

"पडलेलं त्याला जड जात नाही. चालणारं जातं."

त्याने पुढे काही विचारलं नाही. उठला, तिच्या टेबलावरचा छोटा डबा बगलेत मारला आणि वायर फरशीवरून ओढत आपल्या जागेवर घेऊन गेला.

संध्याकाळी दादा आला तेव्हा बारकीच्या टेबलावर डबाच नव्हता. तो काही विचारणार, तेवढ्यात त्याचं लक्ष चित्रकाराच्या पडद्याकडे गेलं. जमिनीवर चुरगळलेली पानं होती, गवताच्या काड्या, फाटकं पोतं, एकच चप्पल. दुकानांच्या लांब सावल्या चित्रकाराने जमिनीवरच रंगवून टाकल्या होत्या. एक बाई झाडत होती. मावशीच्या चेहऱ्याची म्हातारी गाठोडं बांधत होती, आणि कुठेही काही अडखळत नव्हतं.

दादा टेबलाच्या कडेला टेकला.

"हे मोठ्यावर पण घेऊ या," तो म्हणाला.

"नाही," चित्रकार म्हणाला. "मोठ्यावर भरलेला बाजार. हा छोट्याचा."

"अरे, मोठा डबा घेतलेले लोक भांडायला येतील. म्हणतील, एवढा महागाचा घेऊन हे आम्हाला का नाही?"

"म्हणू देत की," बारकी म्हणाली.

दादा हसला. या वेळी तो रागावला होता की नाही, ते कोणालाच कळलं नाही. त्याने वाकून खोकं उचललं.

"ते ठेवा खाली," चित्रकार पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

दादाने बारकीकडे पाहिलं. तिचे दोन्ही पाय तिच्या खुर्चीखाली होते. त्याने खोकं खाली ठेवलं.

"तिथे नाही, जरा पुढे. आडवं करा. झाकण उघडंच राहू दे."

दादाने खोकं उजेडात सरकवून आडवं केलं आणि बाजूला झाला. चित्रकाराने एक डोळा मिटून खोक्याकडे पाहिलं आणि पडद्यावर, गाठोडं बांधणाऱ्या म्हातारीच्या पायाशी, त्या खोक्याची पहिली रेघ ओढली.