तिसरा पडदा

आमचे हे स्पीकर बनवतात. घराच्या मागच्या खोलीत, हाताने आणि गोगलगायीच्या गतीने. किंमत ऐकली की गिऱ्हाईक आधी बसायला खुर्ची शोधतं.

एवढी किंमत का, ते मला लग्नानंतर लवकरच कळलं. स्पीकर विकतात जोडीने, पण आत थरथरणारे कागदी पडदे हे तीन करतात. एकाच लगद्याचे, एकत्र वाळवलेले. दोन डब्यांत बसतात, तिसरा गिऱ्हाइकाच्या नावाने फळीवर. पुढेमागे एखादा फाटला, तर दुसऱ्या लगद्याचा चालत नाही म्हणे. आवाज एका अंगाला झुकतो. वर दरवर्षी फळीवरचे सगळे उतरवून वाजवत बसायचं, म्हणजे ते आपल्या भावंडांच्या बरोबरीने मुरतील! एवढी विचारपूस माझ्या माहेरच्यांची केली असती, तर त्यांनी यांना डोक्यावर घेतलं असतं.

"तिसरा बंद करा, किंमत उतरेल, चार गिऱ्हाइकं जास्त येतील," हे माझं जुनं पालुपद. परवा स्वारी एकदाची नमली. "बरं बाई, या खेपेपासून दोनच." मी खुशीत चहा ठेवला.

चहा उकळतोय तोच दारात गाण्याच्या बाई. एक स्पीकर चादरीत गुंडाळून, मूल कडेवर घ्यावं तसा आणलेला. नातीने त्याच्या पडद्यात बोट घातलं होतं. बाईंचे यजमान गेल्या वर्षी वारले. ही जोडी त्यांनीच हौसेने घेतलेली.

"दोन्ही बदलावे लागतील ना?" बाई म्हणाल्या. "मला नवे नकोत हो. रोज संध्याकाळी आम्ही दोघं यावरच ऐकायचो. आवाज बदलला तर..."

हे स्टुलावर चढले आणि बाईंच्या यजमानांच्या नावाचा पडदा काढून आणला.

संध्याकाळी आम्ही दुरुस्त स्पीकर घेऊन बाईंच्या घरी गेलो. यांनी जोडणी केली, गाणं लावलं. गाणारीचा आवाज ना डावीकडून आला, ना उजवीकडून. दोन्हींच्या मधल्या रिकाम्या भिंतीपाशी ती उभी आहे असंच वाटलं. बाई सोफ्याच्या एका टोकाला बसल्या होत्या, शेजारची जागा मोकळी ठेवून. गाणं संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तसाच आहे," त्या म्हणाल्या. मग पर्स उघडली. "किती द्यायचे?"

"काही नाही. याचे पैसे तुमच्या यजमानांनी तेव्हाच दिलेत," हे म्हणाले. "महाग महाग म्हणून माझ्याशी तासभर भांडले, आणि मग दिले."

बाई हसल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले. नवऱ्याचा असा अभिमान मला फार दिवसांनी वाटला.

परतताना मी म्हणाले, "उद्या लगदा तिघांपुरता भिजवा."

"आणि किंमत?"

"ती गिऱ्हाइकाला मी सांगेन."