शेणव्याच्या चढावर

मी एक जुनी सात सीटांची व्हॅन आहे आणि मित्रांनो, मी अजून रागात आहे.

शेणव्याचा भगीरथ मला बारा वर्षे चालवतो. भाताची पोती, वऱ्हाडे, बाळंतिणी, सगळ्यांना मी शहापूरला पोचवले. माझ्या इंजिनात चार इग्निशन कॉइल आहेत. त्यांच्यामुळे प्लगला ठिणगी मिळते. मागच्या महिन्यात त्यातली एक जळली आणि मी गचके देऊ लागले. भगीरथाने मला महिपत मेस्त्रीकडे नेले, नवी कॉइल टाकायला सांगितले आणि तो चहाला गेला. महिपतने कुठल्याशा मोडक्या गाडीतली कॉइल माझ्यात कोंबली, बोल्टही लावला नाही आणि नवी टाकली म्हणून सांगितले. मला तोंड असते तर तिथेच बोलले असते!

दोन दिवसांनी पाड्यावरच्या ठमीला गवत कापताना फुरसे चावले. तिची मुलगी काजल तिला शहापूरच्या दवाखान्यात न्यायला माझ्यात बसली. चढावर ती सैल कॉइल उसळून वर आली, माझा दम तुटला आणि मी थांबले. भगीरथाने माझ्या चाकाला लाथ घातली. पाप महिपतचे, लाथ मला!

काजल शहापूरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकलेली. पण भगीरथ पोरीला इंजिनाला हात लावू देईना. इकडे ठमीचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता.

"काका, चावी बंद करा नि बाजूला व्हा," काजल म्हणाली. "माझी आय मरायला लागलीय."

भगीरथ बाजूला झाला. तिने पुढची सीट उचलली; माझे इंजिन तिच्याखालीच आहे. बोल्टाविना सुटलेली ती जुनी कॉइल तिने ओळखली, काढली, ओढणीने पुसली आणि प्लगवर सरळ दाबून बसवली. भगीरथाच्या पान्याने सीटचाच एक बोल्ट काढून ती घट्ट आवळली. वायरीचा जोड टक् करून बसला आणि मी एका दमात चढ चढले.

ठमी वाचली. पाय मात्र अजून ओढत चालते.

पुढच्या आठवड्यात काजल भगीरथाला घेऊन महिपतकडे गेली. कॉइल जुनी असली तरी चालत होती ना, असे महिपत म्हणाला.

"बंद पडली तवा तुमची आय नव्हती आत," काजल म्हणाली.

महिपतने मान खाली घालून नवी कॉइल बसवली. बोल्ट आवळेपर्यंत काजल तिथून हलली नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही हातात पाना धराल. गाडीत कोण बसणार आहे ते तेव्हा तुम्हाला ठाऊक नसेल. म्हणूनच काम चोख करा.