हौसेरावांची शाल

आमच्या खारघरच्या शाळेत शिक्षकाच्या अंगावर शाल पडली की समजायचं, याला जूनपासून घरी बसायचंय. तोंडावर 'येऊ नका' म्हणायला संस्थाचालक हौसेरावांची जीभ रेटत नाही, म्हणून ते सत्कार करतात. मागे चित्रकलेच्या सरांचा केला. ते बिचारे आठवडाभर शाल दाखवत फिरत होते.

त्यामुळे वर्षाखेरीच्या कार्यक्रमात माझं नाव पुकारलं, तेव्हा मला कळायचं ते कळलं. मी फ्रेंच शिकवत होते. बोर्डाचा नवा नियम आला: दहावी पास व्हायला तीन भाषा, त्यातल्या दोन भारतीय. इंग्रजी काढायची कुणाची छाती? मग फ्रेंच उडाली. 'फ्रेंचमध्ये मार्क पडतात हो' म्हणत माझ्या मागे लागणारे पालक आता सोसायटीच्या लिफ्टमध्येही ओळख देईनात.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो मराठीच्या राजेश्वरीला. ती तासावर काम करायची आणि माझा पगार तिच्या डोळ्यांत खुपायचा. नियम आला त्या दिवशी तिने स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मला मुद्दाम दोन दिले. "घ्या मॅडम, आता आमचे दिवस आले." आता आपण कायम होणार म्हणून ती आज पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिला बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हौसेरावांनी मला शाल घातली, नारळ दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सत्कार म्हटला की टाळ्या, हे त्यांना बालवाडीपासून शिकवलंय.

मग हौसेरावांनी दुसरी शाल उलगडली. "राजेश्वरी मॅडम!"

खोटं कशाला बोलू, मला आधी उकळ्याच फुटल्या. खा म्हटलं आता पेढे.

ती शाल घ्यायला वाकली आणि हौसेराव माईकवर म्हणाले, "मराठी आता सगळ्यांना, आनंदाची गोष्ट आहे. पुढच्या वर्षी आपले पीटीचे अंकुश सर शिकवतील. मराठीला काय, घरचीच भाषा. त्याला वेगळी बाई कशाला?"

राजेश्वरीची मान वर येईना. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझा विषय नियमाने गेला होता. तिचा नियमाने आला होता, तरी या माणसाने तिला हाकललंच.

मी माझी शाल काढून हौसेरावांच्या खांद्यावर टाकली. "सर, आज सत्कार तुमचा."

राजेश्वरीने वर बघितलं. मग तिनेही आपली शाल त्यांच्या अंगावर घातली, चांगली गळ्यापर्यंत ओढून. माझा आणि तिला मिळालेला, दोन्ही नारळ त्यांच्या हातात कोंबले. एप्रिलच्या उकाड्यात हौसेराव तसेच घामाघूम उभे राहिले आणि मुलांनी शिकवल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

आम्ही दोघी गेटपाशी पोचलो. मागून अंकुश सर धावत आले, शिट्टी अजून गळ्यातच.

"राजेश्वरी मॅडम, तेवढ्या नोट्स द्या ना प्लीज. मला व्याकरणातलं काहीच येत नाही. जाम टेन्शन आलंय."

"घरचीच भाषा ना?" ती म्हणाली. "मग घरी विचारा."

इतक्या वर्षांत तिचं मराठी मला पहिल्यांदाच आवडलं.